आत्याबाईंचा डोळा आणि माझा गाल

सखू, हा कागद घे आणि माझ्याजवळ बसल्यासारखी बस. चार महिने तोंडात चट्टा, तिखट झोंबतं म्हणून नुसती ताक-भाकरी खातेस, आणि हे मला तुझ्या जावेकडून कळावं? मावशीपासून कसली गं लाज? ऐक आता. शेजारणींनाही वाचून दाखव.

'हा कॅन्सर आहे,' असं डॉक्टर मला म्हणाले, तेव्हा मी दवाखान्यात माझ्यासाठी गेलेच नव्हते.

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, मोतीबिंदू पिकला होता. तुझे काका लढाईवर. म्हणून मीच त्यांना दहिवडीहून सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन होऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून झाली, तसे डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही एकाच बाजूनं का बोलता? तोंड उघडा."

तंबाखूच्या मिश्रीनं दात काळे, मी तोंडाला पदर लावला. तरी त्यांनी बॅटरी धरलीच. डाव्या गालात, जिथं मी मिश्री धरायची, तिथं पांढरा चट्टा आणि मधोमध न भरणारी चीर. मला ते ठाऊक होतं गं. झोंबलं की वरून आणखी मिश्री लावायची, म्हणजे बधिर व्हायचं. मी तिला औषधच समजत होते.

मग बायोप्सी केली. म्हणजे चट्ट्याचा मसुराएवढा तुकडा काढून दुर्बिणीखाली बघतात. निकालाची वाट बघतानाचे ते तीन दिवस अजून धुक्यातून आठवतात. व्हरांड्यात लिंबाचा मोहोर गळत होता, नर्सबाई पांढऱ्या ढगांसारख्या सरकत होत्या.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मांसात पसरत जाणारा रोग. पण अजून उंबऱ्यातच आहे, कापून काढता येईल. तुम्ही वर्षभरानं आला असतात तर जबडा काढावा लागला असता."

भुलीच्या क्लोरोफॉर्मचा गोड वास आला आणि मी माणच्या माळावर मेंढरांमागं चालू लागले. मेंढरं ढगांत शिरली. मी हाका मारते, पण आवाजच उमटत नाही. माझ्यासारख्या बडबडीला त्याचंच भ्या होतं, पुन्हा बोलता येईल का?

जागी झाले तर गालात टाके, आठ दिवस बोलायचं नाही. आत्याबाईंना दिसेना, मला बोलता येईना. त्या म्हणाल्या, "व्हय असंल तर माझा हात एकदा दाब, न्हाई असंल तर दोनदा. दुखतंय का?"

मी दोनदा दाबला.

"खोटारडी! तोंड शिवलं तरी थापा बंद न्हाईत हिच्या."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. "आवं आजी, सून गप हाय, लय नशीबवान तुमी!"

"न्हाई गं बाई. घर खायला उठंल."

टाके निघाले. "आत्याबाई" म्हणाले, तर शब्द वाकडा निघाला. पण निघाला. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, तरी त्या पट्टीआड रडल्या.

गाल अजून ओढतो. मिश्री त्या दिवसापासून सुटली. त्या डॉक्टरांनी आपणहून विचारलं नसतं तर मी आज हे लिहायला नसते.

पोरींनो, आरसा उजेडात धरून तोंडात बघत जा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडताना आखडणं, यातलं काही दिसलं की डॉक्टरांना दाखवा. दुखायची वाट बघू नका.

सखू, तुझं तसंच असेल असं मी म्हणत नाही. नुसतं तोंड आलेलं असलं तर दोघी हसत परतू. असलंच काही, तर लहान असतानाच गाठू. सुगी होऊ दे, पाहुणे जाऊ देत, असं म्हणू नकोस. सोमवारच्या मोटारीनं मेढ्याहून साताऱ्याला डॉक्टरांना दाखवायला ये. मी आदल्या दिवशीच येऊन थांबते. ये गं बाई, नक्की ये.