उसातली हजेरी

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी जितकी माणसं घाबरवली, तितकी आमच्या भागातल्या बिबट्यानेही घाबरवली नसतील. आणि मुद्दाम म्हणून त्यांनी एकालाही घाबरवलेलं नाही. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून आक्का लोणी-पेठच्या शिवारात धनगरांच्या मुली शोधत हिंडतात. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढ्या, घोडं, कोंबड्या आणि बिऱ्हाड. आज या रानात, परवा त्या. शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य, आणि मुलींच्या वाट्याला कोकरं येतात. मी शाळेच्या पटावर मुलींची नावं चढवते आणि आक्का त्या नावांमागे धावतात. सोडून गेलेल्या चुलीच्या राखेत बोट घालतात, लेंडी चुरडून वास घेतात, "सकाळीच हाललेत" म्हणतात आणि सरळ चालू लागतात. मी दोनदा सोबत गेले. दोन्ही वेळा वाडा त्यांनी सांगितला तिथेच निघाला. मला ते फारसं आवडलं नाही.

उसाच्या कडेने जाताना आमच्याकडे माणसं मोठ्याने बोलतात, म्हणजे बिबट्या आधीच बाजूला होतो. कोणी मोबाइलवर गाणी लावतं. आक्का हजेरी घेतात. नाव त्याच पुकारतात आणि "हजर"ही त्याच म्हणतात, ज्या त्या मुलीच्या आवाजात. एकीचं नाकातून, एकीचं लाजून अर्धं गिळलेलं. डोळे मिटले तर उसात बारा मुली उभ्या आहेत असं वाटतं. न मिटताही वाटतं. दिवस मावळताना डेअरीला दूध घालायला निघालेला एक चांगला दांडगा गडी ते ऐकून मोटारसायकल तिथेच टाकून पळाला.

"आक्का, बंद करा हे."

"का? बिबट्या पळतो का न्हाई?"

"माणसंही पळतात."

"पळू दे. त्यांचं नाव कुठं पटावर हाये?"

मंगलच्या वेळी मात्र हा उद्योग अंगाशी आला. चौथी झालेली, तीसपर्यंत पाढे पाठ असलेली पोर. मंचरच्या वसतिगृहात तिला जागा मिळत होती. अर्जावर बापाचा अंगठा हवा होता आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. त्या संध्याकाळी आक्का हजेरी घेत निघाल्या. उसापलीकडे मंगल बापाशेजारी बसली होती, आणि उसातून तिचाच आवाज आला, "हजर!" बापाने पोरीकडे पाहिलं, मग उसाकडे. चकवा आपल्याच माणसाच्या आवाजात रानात ओढून नेतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आक्का वळसा घालून पोचेपर्यंत मेंढ्या, घोडं, माणसं सगळं नाहीसं. तव्यावर एक भाकरी तेवढी करपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघींना पेठच्या बाजूला वाडा सापडला. बाप काठी आडवी धरून उभा.

"बाई, तितंच थांबा. पोर माज्याजवळ बसल्याली, आन उसातनं बोलत व्हती. लेकरू न्यायाला आलंय ते. आमी न्हाई धाडायचो."

आवाज आक्कांचा होता, हे मी परोपरीने सांगितलं. त्याला पटेना. आक्कांनी वही उघडली आणि भर उन्हात हजेरी सुरू केली. अकरा नावं, अकरा आवाज. बायकांनी पदर तोंडाशी नेला.

"मंगल."

आणि आक्का गप्प झाल्या. चकवा दोनदाच हाक मारतो, तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे धनगराच्या पोरीला पाळण्यातच कळतं.

"मंगल." मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्यासारख्या वाटल्या.

"मंगल."

"हजर," मंगल उठून म्हणाली. बापाची नजर आक्कांच्या तोंडावर होती. ते मिटलेलं होतं. त्याने काठी टाकली आणि अंगठा पुढे केला.

दिवाळीनंतर तो वाडा आमच्याच रानात बसला. मंगल मंचरला. तिचा बाप ओट्याशी येऊन बराच वेळ काडीने जमीन उकरत राहिला.

"आक्का, त्यो आवाज... अजून येतो का तुमाला?"

"कोणता?"

"आता काय सांगू, आक्का. पोरीबिगर लई सुनं वाटतं."

आक्का उठून उसाच्या कडेला गेल्या.

"हजर."

आवाज हुबेहूब मंगलचा. वाड्याचं कुत्रं सावलीतून उठलं, उसाकडे तोंड करून शेपूट हलवत उभं राहिलं. बराच वेळ तसंच. त्याला परत बोलवायचं कोणाच्याच मनात आलं नाही.