रेघेला हात

कॉलेजचा फुटबॉल सामना मी पहिल्यांदा पाहिला तो सांगलीत, तोही थेट अंतिम सामना. शेजारी कुपवाडच्या कारखान्यातून सुटून आलेला एक माणूस बसला होता. मांडीवर हेल्मेट, हातांना ग्रीस. त्याला फुटबॉल कळत नाही हे लगेच समजलं, कारण आमच्या पोरांना तो ओरडून सांगत होता, ‘पाय धर, पाय धर त्याचा!’ मी पार वैतागले होते.

आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. त्या माणसानं दम धरला आणि हलक्या आवाजात सुरू केलं, ‘कबड्डी कबड्डी कबड्डी...’ आमच्या गोलकीपरनं चेंडू अडवला! आम्ही उड्या मारतोय तोच पंचांची शिट्टी वाजली. गोलकीपर रेषा सोडून आधीच पुढे आला होता, म्हणून पेनल्टी पुन्हा.

तो माणूस लालबुंद होऊन धापा टाकत होता. ‘पोरी, माजा दम संपला. आता तू म्हण. मधल्या रेघंला हात लागंस्तवर सोडायचा न्हाई.’

‘अहो काका, हा फुटबॉल आहे!’

‘व्हय, पन दम त्योच की.’

चेंडू ठेवला गेला. मी डोळे गच्च मिटले आणि माझ्याच तोंडून सुरू झालं, कबड्डी कबड्डी. मोठा गलका उठला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी म्हणतच राहिले. मग ग्रीसचा हात माझ्या डोक्यावर पडला.

‘बास पोरी, सोड दम. लागला हात रेघंला.’