साडूभाऊंच्या वायरी

जगात गिटार वाजवणारे पुष्कळ असतील, पण गिटारच्या वायरी आवरण्यात माझ्या लातूरच्या साडूंचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. गृहस्थ आडत दुकानदार. दिवसभर तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत बसतात, कपाळावरचं भस्म कधी चुकत नाही, आणि रविवार उजाडला की दिवाणखान्यात गिटार काढतात. एका टोकाला गिटार, दुसऱ्या टोकाला अँप्लिफायर, आणि मध्ये पायाने दाबायच्या लोखंडी डब्या, म्हणजे पेडल. एका डबीने आवाज घुमतो, दुसरीने गुरगुरतो, तिसरीने थंडी वाजल्यासारखा कापतो, असं ते सांगतात. ऐकलेलं मात्र कुणीच नाही. कारण या डब्या त्यांनी जेवायच्या जुन्या पाटावर ठोकून बसवल्या आहेत, आणि एका डबीतून दुसरीत जाणारी वायर तसूभरही जास्त दिसता कामा नये, यात त्यांचा सगळा रविवार जातो. वायर कापायची, डाख द्यायचा, पाटाला भोकं पाडून खालून वळवायची आणि पोत्याचं तोंड शिवतात तशी दाभण-सुतळीने आवळून टाकायची. मग गिटार गळ्यात अडकवून एकदाच ‘ट्यांव’ करायचं. अँप्लिफायर घर्र करतो. “कुठंतरी लूज हाय,” म्हणत साडू परत पाट उलटा करतात. तेवढ्यात अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जेवायला हाक मारतात.

हा रोग ते नांदेडला आमच्याकडेही घेऊन येतात. चहा व्हायच्या आत हा माणूस आमच्या टीव्हीच्या मागे शिरलेला असतो, त्यामुळे ख्यालीखुशाली त्यांच्या पाठीला विचारावी लागते. एकदा त्यांनी माझ्या चार्जरची वायर इतकी नेटकी बांधून दिली, की फोनवर बोलताना मी भिंतीला गाल लावून उभा राहू लागलो. शेजारच्यांना वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय. सुतळी कापायला निघालो तर बायको म्हणाली, “कामून कापता? दाजींनी किती मायेनं बांधलंय!” मग मीही सूड उगवला. मुखेडपासून निलंग्यापर्यंत जे जे पाहुणे भेटले त्यांना सांगत सुटलो, की आमच्या साडूंना गिटार येतच नाही, नुसत्या वायरी येतात.

ही कीर्ती त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्याही कानावर गेली असणार. तिचं लग्न ठरलं, सासर पुण्याचं. तिने बापाला सांगितलं, “पप्पा, हळदीला एक गाणं वाजवायचं. पुरं. जायच्या आधी मला ऐकायचंय.” साडू “हाव, वाजवतो की” म्हणाले, पण तोंड उतरलं. पुढे मला बाजूला घेऊन म्हणाले, “साडूभाऊ, बोटं बसली न्हाईत हो अजून. चारचौघांत चुकलो तर पोरीचं हसं व्हायचं.” त्या दिवशी मला या माणसाचा पहिल्यांदा मनापासून कळवळा आला.

पण धास्तीवर साडूंचा इलाज एकच. हळदीच्या दिवशी सकाळपासून ते मांडवातल्या जाजमाखाली शिरले आणि सगळ्या वायरी त्यांनी जाजमालाच शिवून टाकल्या. “माशीलाबी दिसायची न्हाई आता,” म्हणाले. गाण्याची वेळ झाली, साडू गिटार गळ्यात घालून उभे राहिले, आणि नेमकी तेव्हाच बायकांना जाजमाची काळजी लागली. हळदीने खराब होईल म्हणून चौघींनी चार कोपरे धरून ते उचललं. जाजमाबरोबर वायरी उठल्या, वायरींमागून पाट निघाला, पाटामागून अँप्लिफायर खुर्चीवरून तोंडावर पडला, आणि गिटारीसकट साडू बायकांच्या घोळक्याकडे ओढले जाऊ लागले. “अगं थांबा! मीबी हाय त्याच्यात!” असं ते ओरडत होते, पण हसण्यात ऐकतो कोण?

डब्यांच्या सगळ्या जोडण्या तुटल्या. साडू मटकन खाली बसले, खिशातून दाभण काढलं आणि म्हणाले, “आता परत शिवून घ्यावं लागंल.” तेव्हा हळदीने माखलेली नवरी उठली. तिने जाजमातून एक लांब वायर उसवून काढली, एक टोक गिटारीत घातलं, दुसरं अँप्लिफायरमध्ये. “राहू द्या त्या डब्या. वाजवा, पप्पा.”

आता आवरायला काही उरलंच नव्हतं. साडूंनी अक्कांची अंगाई धरली, लेकीला झोपवताना त्या म्हणायच्या ती. मध्येच चुकले, थांबले, पोरीकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला शेवटपर्यंत गेले. घुमणं नाही, गुरगुरणं नाही, साधा आवाज. पोर हसत होती आणि गालावरची हळद ओली होत होती.

परवा लातूरला गेलो होतो. दिवाणखान्यात तीच वायर, हळदीच्या डागांसकट, सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अस्ताव्यस्त पसरलेली. “साडूभाऊ, तब्येत बरी आहे ना?” असं चिडवत मी ती गुंडाळायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

“राहू द्या हो,” ते म्हणाले. “आता पोर कुठं हाय घरात, पाय अडकायला?”