दोन माणसांची हवा

आमच्या साडूभाऊंइतका अर्ध्या वाटेतून माघारी फिरण्यात पटाईत माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. ते लातूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ज्या गावात नळाचं पाणी पाहुण्यासारखं येतं, तिथल्या या माणसाला पन्नाशी उलटल्यावर समुद्राच्या तळाशी जायचं वेड लागलं. मालवणकडे जाऊन ते पाठीवर हवेची टाकी बांधून बुडायला शिकले, आणि परत येऊन मासे, प्रवाळ वगैरे सोडून फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलू लागले: टाकीत किती हवा उरली की वर निघायचं.

हे बोलणं पाण्यापुरतं राहिलं नाही. एकदा किनवटच्या जंगलातला धबधबा बघायला आम्ही त्यांच्या मोटरसायकलवर निघालो. धबधबा चार-सहा किलोमीटरवर आला असेल, तेवढ्यात त्यांनी गाडी वळवली. पेट्रोल त्यांनी ठरवलेल्या खुणेवर आलं होतं. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, परतायचा आकडा घरून निघतानाच ठरवावा लागतोय. तिथं गेल्यावर मन वकिली करतंय." नांदेडला पोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा माणसाबरोबर मी समुद्रात का उतरलो, याला माझा गर्व सोडून दुसरं कारण नाही. लहानपणी गोदावरीत पोहलो होतो, आणि त्यानंतर पोट सोडून माझ्यात काही वाढलं नव्हतं. रीतसर शिकून झालं, आणि जायच्या आधी साडूभाऊंनी मला लातूरच्या घरी गच्चीचा जिना चार वेळा चढायला लावला. मी धापा टाकत होतो आणि ते घड्याळ धरून श्वास मोजत होते. मग वहीत बरंच काही लिहून म्हणाले, ऐंशीचा आकडा धरू. भरलेल्या टाकीचा काटा दोनशेवर असतो. ऐंशीवर आला की समोर काहीही असो, वर निघायचं. मी म्हणालो, एका माणसाला एवढी कशाला? ते म्हणाले, एका माणसाची नाही, दोघांची हाय, आणि तीबी घाबरलेल्यांची. मला राग आला. घाबरायला मी काय पोर होतो?

मालवणच्या समुद्रात पंधरा मीटर खाली साडूभाऊंनी खुणेनं विचारलं, किती उरली. माझा काटा सत्तरवर होता. आणि समोरून एक कासव चाललं होतं. धबधबा हुकला होता, कासव हुकवायचं नाही, असं ठरवून मी बोटांनी शंभर दाखवले. खोटं बोलायला तोंड लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कासवामागे मी इतके जोरात पाय मारले की थोड्याच वेळात श्वास ओढला तर नळी घट्ट लागू लागली; टाकी संपत आली होती. शिकवलेली एकही खूण आठवेना. मी साडूभाऊंचा दंड धरला, तो असा की त्यावर चार दिवस माझी बोटं उमटलेली होती.

त्यांनी आपली जास्तीची नळी माझ्या तोंडात दिली, माझा पट्टा धरला आणि मला हळूहळू वर आणलं. मला सरळ वर धाव घ्यायची होती, त्यांनी घेऊ दिली नाही. पाण्याचा दाब अंगावरून एकदम उतरू नये म्हणून पाच मीटरवर आम्ही तीन मिनिटं थांबलो. तेवढा वेळ ते फक्त माझ्या डोळ्यांत बघत होते. वर आलो तेव्हा त्यांचा काटा तीसवर होता. बाकीची हवा मी प्यालो होतो.

होडीवर आमचे काटे बघून आम्हाला नेणारा वाटाड्या तापला. मी तोंड उघडायच्या आत साडूभाऊ म्हणाले, "चूक माझी हाय. ह्यांचा काटा मी बघायला पाहिजे होता." आणि मी, नांदेडचा पट्टीचा पोहणारा, टॉवेलनं तोंड पुसत बसलो.

घरी येईपर्यंत गोष्ट अशी झाली की साडूभाऊंचा हिशोब चुकला आणि पाव्हणे थोडक्यात वाचले. लग्नाकार्यात सगळे त्यांना चिडवायचे, मीही हसायचो. यंदा कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं पाण्यात उतरणं कायमचं बंद केलं. बिलोलीला एका बारशात पुन्हा तीच चेष्टा निघाली, तेव्हा मी भर पंगतीत सगळं खरं सांगून टाकलं. सत्तर, शंभर, कासव, सगळं. माझी बायको कौतुकानं म्हणाली, साडूची बाजू घ्यावी तर यांनीच. कुणाचाही विश्वास बसला नाही.

साडूभाऊ शेजारीच जेवत होते. त्यांना त्या दुखऱ्या कानानं हल्ली ऐकू येत नाही, आणि मी नेमका त्याच बाजूला बसलो होतो.