गडणा नावाचा शब्द

१९९९ साली मराठी घेऊन बी.ए. झाले आणि घरी बसले. आमच्या कॉलेजातले एक निवृत्त सर तेव्हा जिल्ह्यातल्या बोलीचा कोश करत होते. त्यांनी बोलावलं, आणि मी रत्नागिरीतल्या त्यांच्या घराच्या माडीवर कार्डं भरायला जाऊ लागले.

कार्ड सरांनी छापूनच घेतलं होतं. वर शब्द, त्याखाली अर्थ, मग तो शब्द असलेलं पुस्तकातलं वाक्य, आणि तळाला पाच चौकटी : लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान. सरांचा नियम एकच. "एकही चौकट रिकामी असेल तर कार्ड पेटीत जायचं नाही. कुणाला शंका आली तर त्याला ते पान उघडून बघता आलं पाहिजे."

मला त्यांनी रद्दीत मिळालेली एक जुनी कादंबरी दिली. सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली. कादंबरीचं नाव तेवढं प्रत्येक पानाच्या माथ्यावर होतं. आंब्याची बाग एकटीने सांभाळणाऱ्या बाईची गोष्ट. मी शब्द शोधायचं विसरून वाचतच बसायची. त्यात एक वाक्य होतं, "गडणा चढून ती पलीकडच्या आगरात उतरली." दगडी चिऱ्यांवर चिरे रचून आगराला, म्हणजे बागेला, घातलेल्या कुंपणाला आपल्याकडे गडगा म्हणतात. हे त्याचंच जुनं रूप असणार, असं मी ठरवून टाकलं. 'गडणा' दुसऱ्या कुठल्याच कोशात नव्हता. दोन दिवस मी हवेत होते. सरही खूश झाले, पण कार्ड परत माझ्या हातात देत म्हणाले, "लेखक कोण? प्रकाशक? वर्ष?"

त्या रात्री जेवताना आईला कादंबरीचं नाव सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "ती आमच्या मराठीच्या बाईंची! वर्गात बाकाखाली ठेवून वाचली होती आम्ही. मालगुंडला असतात त्या."

रविवारी निवळीवरून वळसा घालून जाणाऱ्या एस.टी.ने मालगुंडला गेले. बाई ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, जाड भिंगाचा चष्मा. कशासाठी आले ते सांगून मी कार्ड पुढे केलं.

"माझं वाक्य कोशात?" त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. वाचलं, आणि खोकला येईपर्यंत हसल्या. "अगो, असा शब्दच नाही! मी गडगाच लिहिलं होतं. माझा ग आणि ण कुणाला कधी वेगळा कळलाय? छापणाऱ्याने केला ण. मुद्रितं तपासायला मला कुणी दाखवलीच नाहीत."

मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी मात्र प्रकाशक, वर्ष सगळं नीट सांगितलं. मग हळूच विचारलं, "पुस्तक आणलंयस? माझ्याकडची प्रत कुणी वाचायला नेली, ती गेलीच." मी पिशवीतून काढून दिलं. त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि मी समोर आहे हेच विसरल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आठवडाभर ठेवू गो?"

पुस्तक सरांचं, पण मला नाही म्हणवेना.

सोमवारी माडीचा जिना चढले आणि सरांपुढे उभी राहिले. शब्द खोटा निघाला आणि पुस्तक मी देऊन आले, दोन्ही एका दमात सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं गेलीस. नाहीतर नसलेला शब्द मी कोशात घालून मोकळा झालो असतो." मग म्हणाले, "कार्ड फाडू नकोस. गडगा शब्दाखाली लाव, आणि लेखिकेने सांगितलेली दुरुस्ती म्हणून कोपऱ्यात लिही." त्यानंतरच्या कार्डांवर त्यांनी 'शेरा' अशी सहावी चौकट छापून घेतली.

पुढच्या रविवारी पुस्तक आणायला गेले. पानापानाच्या समासात पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, छपाईच्या सगळ्या चुका सुधारलेल्या होत्या. काही ठिकाणी कठीण शब्दाचा अर्थही. "तुझं काम थोडं हलकं झालं," बाई म्हणाल्या. कोशात त्या कादंबरीतली जेवढी वाक्यं गेली, ती सगळी त्या प्रतीवरून घेतली.

कोश २००४ पासून खंडाखंडाने निघू लागला. पहिला खंड हातात पडला त्याच आठवड्यात मी मालगुंडला नेला. बाईंना आता दिसत नव्हतं. संदर्भग्रंथांच्या यादीत त्यांच्या कादंबरीचं नाव आहे, ती ओळ मी वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "माझं राहू दे. बाकीच्यांनी काय काय लिहिलंय ते वाच." मी संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत वाचत राहिले. एखादं वाक्य आवडलं की त्या मला थांबवून पुन्हा वाचायला लावायच्या.

आज माझं पोट कोशाच्या कामावरच चालतं. चूक सांगताना कुणाला लाजवायचं नसतं, हे मला सर आणि बाई, दोघांकडून फुकट मिळालं. हे त्यांना बोलून दाखवायचं मात्र तेव्हा सुचलं नाही.