जांभळे ठिपके

ऐंशीच्या दशकात माझी बोटं कायम जांभळी असायची. नागभीडच्या बाजूच्या एका लहान दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला मी एकटीच. जंतू रंगवायचं जांभळं औषध नखांत बसलं की घासूनही निघत नसे. जंतू वाढवायची पेटी म्हणजे आत बल्ब लावलेलं लाकडी कपाट. वीज गेली की त्याला गोधडी पांघरायची.

धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत एक बाप आठ वर्षांच्या लेकीला बैलगाडीत घालून घेऊन आला. शेतातल्या बांधीच्या चिखलात तिचा पाय कापला होता, मग ताप, अंगावर फोड. थोरला मुलगाही असाच तापानं गेला, हे तो सांगत होता आणि मी दमून ऐकल्या न ऐकल्यासारखं करत होते. मी रक्त घेतलं आणि जंतू वाढतात का पाहायला काचेच्या ताटलीत घालून पेटीत ठेवलं.

दोन दिवसांनी तिच्या रक्ताच्या काचेच्या ताटलीत जांभळे ठिपके उगवले. मी कपाळावर हात मारला. आदल्याच दिवशी माझ्या हातून रंगाची बाटली कलंडली होती. त्याचेच शिंतोडे, दुसरं काय! ताटली फिनाइलच्या डब्यात टाकली आणि ‘वाढ नाही’ लिहून मोकळी झाले. डॉक्टर हिवतापाची औषधं देत राहिले.

ताप हटेना, म्हणून पुन्हा रक्त घेतलं. या वेळी रंगाची बाटली मी उघडलीसुद्धा नव्हती. ठिपके जांभळेच. म्हणजे तो रंग जंतूचाच होता. मी ताटली घेऊन डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी औषध बदललं, पण दुसऱ्या दिवशी पोर गेली. ते म्हणाले, हा चिखलापाण्यातला जंतू, एरवी कुणाला फारसा त्रास देत नाही. पण काही घरांतली मुलं जन्मतःच एक उणीव घेऊन येतात. त्यांच्या रक्तातल्या पेशी जंतू गिळतात, मारू मात्र शकत नाहीत.

धानकापणी झाल्यावर बाप नवे तांदूळ घेऊन आला. “बाई, रोग तुम्हीच ओळखला. आमाले तं काईच मालूम नव्हतं.”

ते कौतुक मला सोसवेना. इतके महिने गप्प राहून मी थकले होते. सांगून टाकलं, की पहिल्यांदाच दिसला होता तो जंतू, मीच फेकला.

त्यानं माझ्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं. मी शिव्या खायच्या तयारीत होते.

“घरी धाकटी आहे,” तो म्हणाला. “तिले ताप आला का इथीच आणीन. दुसरा कोणी फेकून देईन, बाई. तुम्ही आता नाई फेकणार.”