मंदाबाईची न दिलेली मिरची

सौंदडच्या मंडईत मंदाबाईची गुपचुपची, म्हणजे पाणीपुरीची, गाडी कुठं लागली हे कुणाला विचारावं लागत नाही. आकाशपाळण्याच्या बाजूला जायचं आणि कान द्यायचा. "अवो, दोना सरळ धर न! पानी तोंडात पितेस का माह्या पायावर ओततेस?" असं ऐकू आलं की समजायचं, पोचलो.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दंडार नाचते, ढोल वाजतो, आणि दंडारीपेक्षा मोठी गर्दी गुपचुपच्या गाड्यांवर होते. मंदाबाई म्हणजे उंचीनं आखूड, आवाजानं लांब. डाव्या हातात पुरी, उजवा अंगठा टच्चकन आत, बटाटा, चिंचेचं पाणी, पानाच्या दोन्यात. पुढचा. पुढचा. कुणाला कमी आंबट, कुणाला जास्त बटाटा, हे तिला एकदा सांगितलं की पुढच्या मंडईपर्यंत पाठ.

तिनं गाडी का लावली, ही गोष्ट ती विचारणाऱ्याला सांगते आणि न विचारणाऱ्यालाही सांगते. माहेर देवरीकडचं. नवी नवरी म्हणून सौंदडला आली त्याच दिवाळीत नवरा गोवर्धन तिला मंडईत घेऊन गेला. मागं त्याचे दोस्त. दोस्तांनी गाडीवाल्याला डोळा मारला, गोवर्धननंही मान हलवली, आणि एका पुरीत मिरचीचा ठेचा गच्च भरून तिच्या दोन्यात पडला. हे सांगताना मंदाबाईची एकटीची चार माणसं होतात. दोस्त होते, "हॅ हॅ हॅ!" गाडीवाला होतो, "और दूँ, बहन?" गोवर्धन होतो, "पानी आनतो, पानी आनतो!" करत भलत्याच बाजूच्या बोरिंगकडं पळणारा. आणि डोळ्यांतून धारा लागलेली, डोईवरचा पदर सांभाळत हसायचा प्रयत्न करणारी नवरीही तीच होते.

"तवापासून दुसऱ्याच्या गाडीवर दोना नाई धरला," ती म्हणते. "पन गुपचुपशिवाय मले जमतेच कुठं? मंग काय करू, सोताचीच गाडी लावली!"

गोवर्धन धानाच्या बांधीतून मोकळा झाला की तिचे बटाटे उकडतो, चिंच कोळतो, मडकं वाहतो. या विषयावर त्याला आजवर कुणी बोलताना ऐकलेलं नाही.

आणि मंदाबाईच्या गाडीचा एकच नियम. "दोना धरला म्हंजे मानूस तोंड उघडून उभा आहे. तोंड उघडल्या मानसाले मी दगा नाई देत."

यंदा मात्र समोरच गोंदियाहून चुन्नीलाल येऊन बसला. लाल दिव्यांची पाटी, भोंगा, आणि भोंग्यात चुन्नीलाल. "आओ, आओ, फायर गुपचुप! पाँच में मजा, एक में सजा! किसको लगेगी, दोस्त को बुलाओ, व्हिडिओ बनाओ!" मोबाइलवर तेच चाललेलं ना सगळीकडं. दोस्ताच्या बिस्किटात टूथपेस्ट, दोस्ताच्या चहात मीठ, दोस्ताच्या पुरीत ठेचा. झाडून सगळे पोट्टे तिकडं. मंदाबाईच्या मडक्यातलं पाणी हलेचना.

"एवढ्या पुऱ्या तळल्या," ती गोवर्धनला म्हणाली, "आता काय कोंबड्यांले टाकू?"

तेवढ्यात डिंपल आली. बारावीतली, बोलणं धडधड मालगाडीसारखं. गाडीला चिकटून कुजबुजली, "मावशी, आत्ता आमी तिघं येऊ. त्या हिमांशूले एक ठेच्याची दे न! मी व्हिडिओ काढते. तू नाई म्हनशील तं आमी समोर जाऊन राहिलो."

मंदाबाईनं चुन्नीलालच्या पाटीकडं पाहिलं. पुऱ्यांच्या ढिगाकडं पाहिलं. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हणावं तर नियम.

"आन त्याले," ती म्हणाली.

डिंपल वळते न वळते तोच इंद्रकुमार आला. हा चष्मेवाला, शब्द मोजून बोलणारा. "मावशी. डिंपलले. एकच. पन जबरदस्त."

"आन तिले."

मग हिमांशू. हा घरी आईशीही कॅमेऱ्यासमोर असल्यासारखा बोलतो. "तर मावशी, आज का टार्गेट आहे आपला इंद्रा! तू फक्त हात साफ ठेवजो, बाकी पब्लिक बघून घेईल!"

तो गेला आणि मंदाबाईच्या पोटात हसू असं उसळलं की गाडी हलली, मडक्यावरचा डाव किणकिणला. गोवर्धन घाबरून म्हणाला, "ठेचा देशील का मंग?"

"ठेचा कुठं आहे आपल्यापाशी? तू मुकाट्यानं बटाटा कुस्कर."

तिघं आले. दोने धरले. तिघांचे मोबाइल बाहेर. डिंपलचा हिमांशूवर, हिमांशूचा इंद्रावर, इंद्राचा डिंपलवर. तिघांनी मंदाबाईला गुपचूप डोळा मारला, तिनंही तिघांना मारला.

पहिली फेरी. कचकच. काही नाही.

दुसरी फेरी. डिंपलनं भुवई उडवली, म्हणजे कधी? मंदाबाईनं पापणी मिटली, म्हणजे थांब.

प्लेट संपली. "अजून एक, मावशी!" तिघं एकदम ओरडले. मंदाबाई प्रत्येक पुरी अशी जपून भरायला लागली, इकडं तिकडं बघून, पदराआड धरून, जणू आत सुतळी बॉम्ब आहे. बघे जमले. आकाशपाळण्यातली माणसं खाली वाकून बघू लागली. "कोनाले लागनार, बे?" "त्या चष्मेवाल्याले!" "नाई नाई, पोट्टीले!" चुन्नीलालच्या भोंग्यापुढं उभी माणसंही माना वळवू लागली.

आणखी एक प्लेट. हिमांशूच्या कपाळावर घाम. त्यानं पुरी तोंडात टाकली, सहज मान वळवली, आणि डिंपलचा मोबाइल दिसला. रोख थेट त्याच्यावर! हा इंद्रावर टपलेला, आणि ही याच्यावर! म्हणजे तोंडात गेली ती...

"लागली! मेलो! मावशी वो! आई वो!" हिमांशू उडाला. जीभ बाहेर, हातांनी वारा, ढोलाच्या तालावर एक पाय वर, एक खाली. दंडारीतले नाचे थांबून त्याच्याकडं बघू लागले. डिंपल किंचाळत शूटिंग करत होती, "लागली, लागली!" इंद्रकुमारचं तोंड मात्र उघडंच. "पन मी तं डिंपलले सांगितलं होतं..."

"काय?" डिंपल गर्रकन वळली.

मंदाबाईनं त्याच भांड्यातला बटाटा घेतला, पुरी भरली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडात टाकली. "कायले नाचून राहिला बे? मीठ, जिरं, चिंच. मिरची तं म्या कोनालेच नाई देल्ली."

हिमांशू एका पायावर तसाच थांबला. जीभ आत घेतली. चव घेऊन पाहिली. "...चांगली आहे," तो बारीक आवाजात म्हणाला.

मग जे हसू फुटलं! मंदाबाई गाडीला धरून खालीच बसली. डिंपलचा व्हिडिओ तिथल्या तिथं साऱ्या मंडईच्या मोबाइलमध्ये पोचला, आणि गाडीपुढं रेटारेटी सुरू झाली. "मावशी, आमालेबी ती न देल्ली मिरची दे!"

भोंगा बंद करून चुन्नीलाल स्वतः आला. "भाभी, मिर्ची डाली नहीं और पब्लिक नाच रही?"

मंदाबाईनं त्याच्या हातात दोना दिला. चुन्नीलालनं पुरी उचलली, तोंडापर्यंत नेली, थांबला. हळूच फोडली, बोटानं बटाटा उकरून आत पाहिलं. लोक खदाखदा हसले.

"काऊन भाऊ, भरवसा नाई?"

"आदत है, धंदे की," तो ओशाळून म्हणाला आणि खाल्ली. "बढिया है. अब आप मेरी खाओ. कसम से, सादी."

मंदाबाईनं समोरच्या, दुसऱ्याच्या गाडीकडं पाहिलं. गोवर्धनच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

तिनं पदराला हात पुसले आणि समोर चालू लागली. मागं सारी गर्दी, डिंपलचा मोबाइल वर, हिमांशूची कुजबूज, "तर पब्लिक, आता बघा!" आणि सगळ्यांच्या मागून पाण्याचा गडवा घेऊन धावणारा गोवर्धन. या वेळी पाणी आधीच भरलेलं.

मंदाबाईनं चुन्नीलालपुढं दोना धरला. पुरी पडली. तिनं ती फोडली नाही, आत पाहिलं नाही. अख्खी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चावू लागली. ढोलसुद्धा थांबल्यासारखा झाला. गोवर्धननं गडवा पुढं केला.

तिनं डोळे उघडले. गडवा हातानं बाजूला सारला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि दोना पुन्हा पुढं धरला. "दुसरी दे."